स्कायहूक विरुद्ध गुगल: फोनला तुमचा ठावठिकाणा कसा कळतो, यावरच्या पेटंट खटल्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशातला निळा ठिपका आपण रोज पाहतो. रिक्षा बोलावताना, पार्सल मागवताना, गावाकडच्या लग्नाचा हॉल शोधताना त्याच्यावर डोळे झाकून विसंबतो. तो ठिपका नेमका आपल्या पायाशी कसा येऊन थांबतो, या पद्धतीच्या मालकीवरून अमेरिकेत बॉस्टनच्या न्यायालयात साडेचार वर्षं खटला चालला. त्याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र करून ठेवतो आहे.

हा खटला नेमका कोणी, कोणावर आणि कधी भरला?

स्कायहूक वायरलेस ही बॉस्टनची छोटी कंपनी. टेड मॉर्गन आणि मायकल शीन यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. आसपासच्या वायफाय राउटरांचे सिग्नल ऐकून उपकरणाची जागा काढायची, हा तिचा धंदा. १५ सप्टेंबर २०१० रोजी तिने गुगलवर एकाच दिवशी दोन खटले भरले. पहिला मॅसॅच्युसेट्सच्या संघीय जिल्हा न्यायालयात, चार पेटंटांच्या उल्लंघनाबद्दल. दुसरा त्याच राज्याच्या न्यायालयात, मोटोरोलाबरोबर झालेला आपला करार गुगलने मोडायला लावला म्हणून.

बातम्यांमध्ये हे दोन्ही खटले एकत्र मिसळले जातात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. दोघांची कहाणी वेगळी आणि शेवटही वेगळा. पेटंटच्या खटल्यात स्कायहूकने पुढे आणखी पेटंटं जोडली.

म्हणजे गुगल लोकांवर पाळत ठेवतं, म्हणून हा खटला होता का?

नाही. मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारला जातो.

पेटंटचा खटला दोन कंपन्यांमधला दिवाणी वाद असतो. ही पद्धत आम्ही शोधली, तुम्ही ती विनापरवाना वापरता, तेव्हा पैसे द्या किंवा वापर थांबवा, एवढंच तिथे मागितलं जातं. ज्या माणसाची जागा शोधली जाते त्याची संमती होती का, त्याची माहिती किती दिवस ठेवली, कोणाला दिली, यातलं काहीही त्या न्यायाधीशांपुढे नसतं. स्कायहूक जिंकली असती तरी तुमच्या-माझ्या फोनवरची नजर तसूभरही हलली नसती. गुगलऐवजी स्कायहूकला पैसे मिळाले असते, इतकाच फरक.

खाजगीपणाचा प्रश्न वेगळ्या कायद्यांखाली, वेगळ्या न्यायालयांपुढे येतो. आपल्याकडचं ताजं उदाहरण बघा. जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल मॅप्सवर आपलं लोकेशन पोलिसांना सतत दिसत ठेवावं, अशी अट घातली गेली होती. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट म्हणजे त्याच्या खाजगीपणाच्या हक्कावर घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ‘माझ्यावर कोण नजर ठेवतं?’ याचं उत्तर हवं असेल तर असे निकाल वाचायला हवेत. पेटंटच्या कागदांत ते सापडणार नाही.

फोनमध्ये जीपीएस असताना वायफायची गरजच काय?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की आरसीसी स्लॅबखाली तो जवळजवळ येतच नाही. जागा काढायला किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात, आणि बराच वेळ बंद असलेल्या रिसीव्हरला पहिलं उत्तर द्यायला अर्धा मिनिट किंवा जास्त लागतं. त्यात बॅटरीही जाते.

घरच्या घरी करून बघा. इमारतीच्या आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब उभे राहा. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय बंद करा, वायफाय स्कॅनिंगचा वेगळा पर्याय असेल तर तोही बंद करा आणि नकाशा उघडा. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बहुतेक वेळा चांगलंच मोठं दिसेल. ‘तुम्ही यात कुठेतरी आहात’ असं फोन सांगत असतो. आता वायफाय चालू करा. कोणत्याही नेटवर्कला जोडू नका, नुसतं चालू करा. काही सेकंदांत वर्तुळ आकसतं आणि ठिपका तुमच्या इमारतीवर येऊन बसतो. मधल्या काही सेकंदांत जे घडलं, तेच या खटल्याच्या केंद्रस्थानी होतं.

पासवर्ड माहीत नसताना दुसऱ्याच्या वायफायवरून जागा कशी कळते?

प्रत्येक राउटर सेकंदाला अनेकदा आपली ओळख हवेत पुकारत असतो. त्या पुकाऱ्यात नेटवर्कचं नाव असतं आणि राउटरचा ४८ बिटांचा क्रमांकही. हा क्रमांक कोणालाही ऐकू येतो. जोडणी नको, पासवर्ड नको. गल्लीतून जाताना घराच्या दारावरची पाटी वाचावी, तसं.

आता कोणीतरी आधीच गावभर फिरून ‘हा क्रमांक या अक्षांश-रेखांशावर ऐकू आला’ अशी जंगी यादी करून ठेवली आहे असं समजा. तुमचा फोन आजूबाजूचे सात-आठ क्रमांक ऐकतो, सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर यादीत त्यांच्या जागा बघतो आणि हिशेब करून तुमची जागा सांगतो. एका राउटरचा आवाज साधारण पन्नास-शंभर मीटरच जातो, त्यामुळे उत्तरही तितकंच नेमकं येतं. जीपीएस थकतं ती दाट वस्तीच या पद्धतीला सगळ्यात सोयीची. जितकी घरं जास्त तितके राउटर जास्त.

यात शोध लावण्यासारखं काय होतं? गाडी फिरवली आणि यादी केली, इतकंच ना?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी पेटंटचा मजकूर वाचायला घेतला, आणि मला या प्रकरणाची गोडी लागली ती तिथे.

पुण्यात कोणी फक्त लक्ष्मी रस्त्यावरून गाडी फिरवून राउटरांची यादी केली असं समजा. नारायण पेठेत आत, चाळीस मीटरवर एका वाड्यात राउटर आहे. गाडीला तो ऐकू येतो, पण केवळ लक्ष्मी रस्त्यावरच्या चार-पाच ठिकाणांहून. त्या ठिकाणांची सरासरी काढली तर राउटर कुठे येईल? लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध. आसपासच्या सगळ्याच वाड्यांतले राउटर असे ओढले जाऊन मुख्य रस्त्यावर येऊन बसतात. मग वाड्यात बसलेल्या माणसाच्या फोनला वाटतं की मालक रस्त्यात उभे आहेत. मुख्य रस्त्यांकडे झुकण्याच्या या दोषाला स्कायहूकने आपल्या पेटंटमध्ये ‘आर्टेरियल बायस’ असं नाव दिलं.

त्यावरचा त्यांचा उपाय असा: मोठ्या क्षेत्रातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक बोळ ठरवलेल्या क्रमाने पालथा घालायचा. म्हणजे प्रत्येक राउटर चहूबाजूंनी ऐकला जातो आणि सरासरी त्याच्या खऱ्या जागेजवळ येते. गाडीचा मार्ग ठरवायला गणितातलं एक जुनं कोडं वापरायचं. पोस्टमनने टपाल कचेरीतून निघून गावातला प्रत्येक रस्ता गाठावा, कमीत कमी रस्ते पुन्हा तुडवावेत आणि परत कचेरीत यावं, तर वाट कोणती? १९६० मध्ये एका चिनी गणितज्ञाने हा प्रश्न मांडला, म्हणून त्याला ‘चायनीज पोस्टमन’ म्हणतात. पेटंटच्या मजकुरात त्याचा नावानिशी उल्लेख आहे.

बाकीच्या पेटंटांमधली युक्तीही सांगतो. माणसं घर बदलतात आणि राउटर बरोबर नेतात. डोंबिवलीतला राउटर नाशिकला गेला तर जुनी यादी नाशिकच्या शेजाऱ्याला डोंबिवलीत नेऊन बसवेल. तेव्हा ऐकलेल्या क्रमांकांपैकी जो बाकीच्यांशी जुळत नाही त्याला हिशेबातून वगळायचं आणि वापरणाऱ्यांच्याच फोनकडून आलेल्या माहितीने यादी ताजी ठेवायची. शिवाय किती राउटर ऐकू येतात हे पाहून हिशेबाची रीत बदलायची. दोन-तीनच असतील तर साधी रीत, भरपूर असतील तर वेगळी.

हे सगळं वाचल्यावर ‘यात काय विशेष’ असं म्हणणं मला जमत नाही. ‘कल्पना तर साधीच आहे’ असं म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना रस्त्याकडे ओढल्या जाणाऱ्या राउटरांचा दोष आधी सुचला असता?

पण वायफायवरून जागा काढणं आधीपासून माहीत होतंच की.

होतं, आणि गुगलच्या बाजूने ही वजनदार गोष्ट होती. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० मध्ये ‘रडार’ नावाची प्रणाली मांडली होती. इमारतीच्या आत वायरलेस सिग्नलच्या ताकदीवरून माणूस कुठे आहे हे ती सांगायची. विगल हे संकेतस्थळ २००१ पासून हौशी लोकांनी टिपलेल्या वायफाय नेटवर्कांच्या जागा गोळा करत होतं. सिअ‍ॅटलमध्ये इंटेलच्या संशोधकांनी ‘प्लेस लॅब’ प्रकल्पात शहरभराच्या वायफायवरून जागा काढून दाखवली होती. स्कायहूकचे मूळ अर्ज २००४-०५ मधले आहेत.

आधीच्या या ज्ञानाला वकील ‘प्रायर आर्ट’ म्हणतात. पेटंट मिळवायचं तर आधी कोणी न केलेलं आणि जाणकारालाही सहज न सुचणारं असं काही दाखवावं लागतं. म्हणूनच स्कायहूकने ‘वायफायवरून जागा काढणं’ या अख्ख्या कल्पनेवर हक्क सांगितला नाही, तसा तो मिळालाही नसता. त्यांचा हक्क नेमक्या पद्धतीवर होता: राउटर चहूबाजूंनी टिपलेले आहेत असा साठा, तो अद्ययावत ठेवण्याची रीत, चुकीचे राउटर गाळण्याची रीत.

उल्लंघन झालं हे न्यायालयात सिद्ध कसं करतात?

पेटंटच्या शेवटी क्रमांक घातलेली वाक्यं असतात, त्यांना ‘क्लेम’ म्हणतात. मालकीची हद्द त्या वाक्यांनीच ठरते. सातबाऱ्यावर जमिनीची चतुःसीमा लिहावी तशी. आधीची पानंच्या पानं वर्णनं समजावण्यासाठी असतात. क्लेममध्ये पाच घटक लिहिले असतील तर समोरच्याच्या यंत्रणेत पाचही सापडावे लागतात. चार सापडून एक नसेल तर सरळसरळ उल्लंघन होत नाही.

त्यामुळे लढाई शब्दांच्या अर्थावर होते. ‘क्षेत्र’ म्हणजे केवढं? राउटर ‘चहूबाजूंनी’ टिपला असं कधी म्हणायचं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवून दिलं की क्लेममधल्या शब्दांचा अर्थ न्यायाधीशाने लावायचा, ज्यूरीने नाही. बॉस्टनमध्ये हे काम न्यायाधीश राया झोबेल यांच्याकडे होतं. अर्थ ठरला की अर्धा खटला ठरल्यासारखाच असतो. म्हणून दोन्ही बाजू एकेका विशेषणासाठी महिनोन्‌महिने भांडतात. बाहेरच्याला हे शब्दांचा कीस काढणं वाटेल, पण कुंपणाचा खांब हातभर इकडे-तिकडे झाला की काय होतं हे शेती असलेल्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

मोटोरोलाचं काय प्रकरण होतं?

वाचताना सगळ्यात खिळवून ठेवणारा भाग हाच. एप्रिल २०१० मध्ये मोटोरोलाने जाहीर केलं की आपल्या अँड्रॉइड फोनांत गुगलच्या जागी स्कायहूकची प्रणाली वापरू. छोट्या कंपनीसाठी ही फार मोठी मजल होती. पुढे काही महिन्यांत ते फोन बाजारात आले, पण स्कायहूकशिवाय. स्कायहूकच्या तक्रारीतला आरोप असा, की गुगलमध्ये अँड्रॉइडचे प्रमुख असलेल्या अँडी रुबिन यांनी मोटोरोलाचे सहमुख्याधिकारी संजय झा यांना फोन करून फोनची रवानगीच थांबवायला सांगितलं. अँड्रॉइडशी ‘सुसंगत’ ठरण्याच्या अटी पुढे करून गुगलने दबाव आणला, असं स्कायहूकचं म्हणणं.

गुगलचं उत्तरही ऐकून घेण्यासारखं आहे. स्कायहूकची प्रणाली वायफायवरून काढलेली जागा फोनमध्ये ‘जीपीएसची जागा’ म्हणून नोंदवते, ती माहिती आमच्याकडे येते आणि आमचा साठा नासतो, असा त्यांचा आक्षेप होता. तांत्रिकदृष्ट्या तो पोकळ नव्हता. अंदाजालाच मोजमाप समजून त्यावर पुढचे अंदाज बांधले की चूक चुकीवर चढत जाते.

२०११ मध्ये या खटल्यातून गुगलचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. मोटोरोलाची बातमी आल्यावर गुगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांनी खुद्द विचारणा केली होती. उत्तरातून कळतं की वायफायच्या जागांचा साठा गुगलच्या मोबाइल धोरणात किती कळीचा मानला जात होता, आणि अँड्रॉइड फोनांकडून येणारी माहिती आटली तर काय होईल याची काळजी किती होती. मी ते ईमेल वाचले तेव्हा पहिल्यांदा उमगलं की कंपनीने विकलेला फोन म्हणजे तिच्यासाठी गावभर फिरणारी मोजणीची गाडीही असते. गाडी आपण चालवतो, पेट्रोल आपलं, मोजणी त्यांची.

हा खटला मात्र स्कायहूक हरली. २०१२ मध्ये राज्य न्यायालयाने गुगलच्या बाजूने निकाल दिला आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

गुगलने आपला साठा कुठून जमवला?

आधी स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांमधून. रस्त्यांचे फोटो काढता काढता त्या वायफायही ऐकत होत्या. मे २०१० मध्ये गुगलला कबूल करावं लागलं की या गाड्यांनी राउटरांच्या क्रमांकांबरोबरच पासवर्ड नसलेल्या नेटवर्कांवरून जाणारा मजकूरही टिपला होता. ते चुकून झालं असं कंपनीने सांगितलं आणि गाड्यांमधून वायफाय टिपणं बंद केलं. या प्रकरणी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या ३८ राज्यांशी ७० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. गाड्या थांबल्या त्याच महिन्यांत मोटोरोला स्कायहूककडे निघाली होती. म्हणजे उरलेला एकमेव झरा, लोकांच्या खिशातले फोन, तोही आटण्याची भीती. ईमेलमधली अस्वस्थता त्यातून येते.

यात ॲपल कुठे बसतं?

पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतंच. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकवर्ल्ड परिषदेच्या मंचावरून आयफोन आता तुमची जागा ओळखेल असं जाहीर केलं, तेव्हा त्यामागे गुगलच्या मोबाइल टॉवरांच्या यादीबरोबर स्कायहूकची वायफाय-यादी होती आणि जॉब्स यांनी स्कायहूकचं नाव घेऊन सांगितलं. एप्रिल २०१० पासून ॲपलने स्वतःचा साठा वापरायला घेतला. म्हणजे एका वर्षात स्कायहूकचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं दारात येऊन परतलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती न्यायालयात का गेली, ते यावरून कळतं.

मग पेटंटच्या खटल्याचा निकाल काय लागला?

निकाल लागलाच नाही, तडजोड झाली. मार्च २०१५ मध्ये, ज्यूरीपुढे सुनावणी होण्याआधीच, दोन्ही बाजूंनी खटला मिटवला. गुगलने ९ कोटी डॉलर दिले, त्या बदल्यात खटला संपला आणि गुगलला पेटंटं वापरण्याचा परवाना मिळाला. त्यावेळच्या दराने ही रक्कम साधारण साडेपाचशे कोटी रुपये होते.

स्कायहूक तोवर स्वतंत्र राहिली नव्हती. २०१४ मध्ये तिला ट्रूपोझिशन या कंपनीने विकत घेतलं होतं आणि ट्रूपोझिशनची मालकी लिबर्टी ब्रॉडबँडकडे होती. लिबर्टीने शेअर बाजाराच्या नियामकाला दिलेल्या कागदांमुळेच तडजोडीचा आकडा जगाला कळला. एरवी असे आकडे बाहेर येत नाहीत.

‘गुगलने पेटंटचं उल्लंघन केलं हे सिद्ध झालं’ असं कुठे वाचलंत तर ते चूक आहे. ‘गुगल निर्दोष ठरलं’ हेही तितकंच चूक.

नऊ कोटी डॉलर म्हणजे स्कायहूक जिंकली म्हणायची का?

माझं मत विचाराल तर नाही. पैसे मिळाले, त्यातून वकिलांची फी गेली. पण ती हरली ते बाजारात. २०१० मध्ये मोटोरोलाचे फोन तिच्या प्रणालीसह विकले गेले असते तर त्या लाखो फोनांनी तिचा साठा रोज ताजा केला असता आणि पुढचं गिऱ्हाईक आपोआप आलं असतं. पाच वर्षांनी मिळालेली भरपाई ती वेळ परत आणत नाही. छोट्या कंपनीसाठी पेटंट ही म्हातारपणीची पुंजी ठरते. ऐन उमेदीत ते फारसं वाचवत नाही, हे मला या प्रकरणात फार लागलं.

स्कायहूकला ‘पेटंट ट्रोल’ म्हणता येईल का?

स्वतः काही न बनवता जुनी पेटंटं विकत घेऊन खटले भरत सुटणाऱ्यांना ट्रोल म्हणतात. लोकेशनच्या क्षेत्रात असे खटले ढिगाने झाले. दुकानांच्या संकेतस्थळावरच्या ‘जवळची शाखा शोधा’ या सोयीसाठीसुद्धा शेकडो कंपन्यांना नोटिसा गेल्या. २०१० ची स्कायहूक तशी नव्हती. तिने गाड्या फिरवल्या, प्रणाली बांधली, गिऱ्हाइकं मिळवली.

पण पुढची गोष्टही सांगायलाच हवी. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१३ मध्ये खुली लोकेशन सेवा सुरू केली होती. जगभरचे स्वयंसेवक फोनवर ॲप चालू ठेवून राउटर आणि टॉवर टिपत आणि ज्याला गुगल-ॲपलवर विसंबायचं नाही त्याला ती सेवा वापरता येई. २०१९ मध्ये स्कायहूकने मोझिलाशी संपर्क साधून ही सेवा आमच्या पेटंटांचं उल्लंघन करते असं सांगितलं. खटला टाळायला समझोता झाला, अटी गोपनीय राहिल्या, आणि सेवेच्या व्यावसायिक वापरावर मर्यादा आल्या. अचूकता घसरत गेली आणि २०२४ मध्ये मोझिलाने सेवा बंद केली.

बलाढ्य कंपनीपुढे छोट्या कंपनीच्या हाती असलेलं तेच हत्यार नंतर लोकांच्या सामाईक विहिरीवर चाललं. २०१० च्या स्कायहूकबद्दल मला आदर आहे आणि २०१९ च्या स्कायहूकबद्दल वाईट वाटतं.

असा खटला भारतात चालला असता का?

अमेरिकन पेटंट भारतात लागू होत नाही. इथे हक्क हवा तर इथे वेगळा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

खरा अडसर कलम ३(के). १९७० च्या पेटंट कायद्यातलं हे कलम सांगतं की निव्वळ संगणक प्रोग्राम, गणिती पद्धत, अल्गोरिदम यांना पेटंट नाही. राउटर गाळण्याची किंवा सरासरी काढण्याची रीत नुसती हिशेब म्हणून मांडली तर ती इथेच अडेल. तिचा ठोस तांत्रिक परिणाम दाखवता आला तर वाट मोकळी होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात अशा अर्जांकडे तांत्रिक परिणाम पाहून बघा, असं सांगितलं. कल्पना घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझा सल्ला एकच: अर्जाआधी ती प्रदर्शनात, व्हिडिओत, कॉलेजच्या मासिकात उघड करू नका. उघड केलेली स्वतःचीच माहिती तुमच्या विरुद्ध प्रायर आर्ट ठरू शकते.

उल्लंघनाचा खटला जिल्हा न्यायालयात भरता येतो, पण प्रतिवादीने ‘हे पेटंटच रद्द करा’ असा उलट दावा केला की तो उच्च न्यायालयात जातो, आणि तसा दावा बहुधा होतोच. फोनच्या पेटंटांवर आपल्याकडे मोठे निकाल झाले आहेत. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या बाजूने लाव्हा कंपनीला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले. ती पेटंटं मोबाइल संपर्कातल्या प्रमाणित तंत्राची होती, लोकेशनची नव्हती.

ज्या फोनमध्ये असं तंत्र आहे तो वापरला म्हणून मला नोटीस येईल का?

नाही. अमेरिकन कायद्याच्या कागदावर ‘वापर’ हेही उल्लंघन आहे, पण एकेका गिऱ्हाइकाच्या मागे लागण्यात कोणाचाच फायदा नसतो.

माझ्या घरचा राउटर त्या यादीत आहे का? काढता येतो का?

तुमच्या इमारतीवरून एखादा स्मार्टफोनधारी माणूस गेला असेल तर बहुधा आहे. यादीत राहणाऱ्याचं नाव नसतं. राउटरचा क्रमांक आणि जागा असते.

काढण्याची सोय गुगलने नोव्हेंबर २०११ मध्ये दिली. वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि त्यापुढे ‘नोमॅप’ हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत, सलग लिहायचा. २०२४ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲपलच्या साठ्यातून जगभरचे राउटर कसे हुडकता येतात हे दाखवल्यावर ॲपलनेही हीच खूण मानायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टची खूण वेगळी, अंडरस्कोर आणि ‘ऑप्टआउट’. ती नावात कुठेही चालते, गुगलची शेवटीच हवी. म्हणून दोन्ही घालायच्या तर ‘ऑप्टआउट’ आधी आणि ‘नोमॅप’ शेवटी. नाव बदलल्यावर घरातले टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे पुन्हा जोडावे लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

घर बदलून दूर गेलेल्या, आपला नवा पत्ता कोणाला कळू नये अशी खरी गरज असलेल्या माणसाने हे जरूर करावं. जुना राउटर बरोबर नेला असेल तर त्याचा क्रमांक तोच राहतो आणि तो क्रमांक माहीत असलेल्या कोणालाही नवी जागा सापडू शकते. अशा वेळी राउटरच नवा घ्या.

ही पेटंटं अजून जिवंत आहेत का?

पहिल्या चार पेटंटांचे अर्ज २००५-०६ मधले, त्यामुळे त्यांची वीस वर्षं भरत आली किंवा भरली आहेत. पेटंट कार्यालयाकडून झालेल्या उशिराबद्दल अमेरिकेत काही मुदत वाढवून मिळते, म्हणून प्रत्येकाची नेमकी तारीख वेगळी. नंतरची पेटंटं पुढेही चालतील. स्कायहूक २०२२ मध्ये क्वालकॉमकडे गेली.

मोझिलाची सेवा बंद झाल्यावर काही स्वयंसेवकांनी ‘बीकनडीबी’ नावाने नव्याने खुली यादी उभारायला घेतली आहे. खिशात फोन, त्यावर एक साधं ॲप, आणि रोजच्या फिरण्यात एखाद-दुसरी वेगळी गल्ली. मुख्य रस्ता सोडून बोळातून जायचं कारण आता तुम्हाला माहीत आहे.